पालथं पोवळं

१

बोईसरला चांदी टिकत नाही. गिऱ्हाइकाला हे मी सांगत नाही, पण खरं आहे. कारखान्यांकडून वारा आला की काचेच्या कपाटातले पैंजण आठ दिवसांत काळे पडतात, मोती मलूल होतात, पोवळ्याचा रंग उतरतो. म्हणून रोज दुपारी एक ते चार दुकानाचं शटर अर्धं ओढायचं आणि एकेक दागिना काढून पुसत बसायचं, हा माझा वीस वर्षांचा नेम. मागच्या खोलीत पुष्पलता, आमची मंडळी, जेवून आडवी झालेली असते. रस्त्यावरून कुंभवलीकडे जाणाऱ्या दुसऱ्या पाळीच्या सायकली जातात, तेवढाच आवाज. मला ही वेळ फार आवडायची.

शहाऐंशी सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. शटरखालून वाकून लाडकी आत आली. नवापूरची पोर, बन्सीची बायको. बन्सी मासेमारीच्या बोटीवर खलाशी. त्यांच्या लग्नातली त्याची आंगठी माझ्याच हातची होती. पत्रिकेत मंगळ कडक निघाला म्हणून सोन्यात पोवळं. असा ग्रहाचा खडा बसवताना त्याचं घर, म्हणजे सोन्याची खोबण, खालून उघडी ठेवतात, खडा बोटाला लागला पाहिजे म्हणून. माझा या ग्रहांवर काडीचा विश्वास नाही. पण मी सोनार आहे, भटजी नाही. गिऱ्हाईक म्हणेल तो खडा बसवतो आणि गप्प राहतो.

दर्यावर जाताना बन्सी आंगठी काढून ठेवायचा. जाळं ओढताना आंगठी अडकली तर बोट तुटून जातं. आणि त्याच्या घरातली रीत अशी, की तो परत येईपर्यंत ती आंगठी बायकोने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. तर ही विहिरीवर वाकली, दोरा लोंबला, आंगठी कठड्यावर आपटली. तिने ती माझ्यापुढे दोन्ही हातांनी ठेवली. मी भिंग लावलं. पोवळ्याच्या वरच्या अंगाला कडेपासून मधोमध तडा गेला होता. आरपार नव्हता, पण चांगला खोल होता.

"त्याची बोट उद्या-परवा लागंल," लाडकी म्हणाली. "त्याच्या आधी नवा खडा बसवा, काका. नि हा फुटका माझ्याकडं द्या. मला तो दर्यात सोडायचा हाय."

फुटका खडा घरात ठेवायचा नाही, ज्याच्या नावाचा असेल त्याच्या बायकोने तो दर्याला द्यायचा, आणि आंगठी एक दिवसही रिकामी राहू द्यायची नाही. हे सगळं तिने मला समजावून सांगितलं, जसं काही मी कालच धंद्याला बसलो होतो. त्या मापाचं पोवळं माझ्याकडे नव्हतं. मुंबईहून मागवायचं म्हणजे आठवडा. मी तसं सांगितलं. ती रडली असती तर मी तिची समजूत घालून तिला घरी पाठवलं असतं. पण ती रडली नाही, नुसती बसून राहिली. शेवटी मी म्हटलं, चारला ये, बघतो काय होतं ते.

२

आता मी काय केलं ते सांगतो. नटवून सांगणार नाही.

ते पोवळं चिंचोक्यासारखं होतं, दोन्ही अंगांनी फुगीर. वरच्या अंगाला तडा, पण खालचं अंग स्वच्छ, एक ठिपका नाही. मी घराची कड हळूच उचलली, खडा काढला, तड्यात लाख भरली आणि खडा पालथा करून पुन्हा बसवला. फुटलेलं अंग खाली, बोटाकडे. कड दाबली, घासली. अहो, मी स्वतः भिंगातून बघितलं तर मलाच नवा वाटला. हात आहे माझा, उगाच नाही म्हणत.

मग मोडीच्या डब्यातून एका जुन्या माळेतला फुटका पोवळ्याचा मणी घेतला, त्यावर हातोडीची एक टिचकी मारली आणि गुलाबी कागदात पुडी बांधली. हा तिचा दर्याला द्यायचा खडा. मुंबईहून खरा आला की काहीतरी निमित्त काढून आंगठी मागवायची आणि गुपचूप बदलून टाकायचा, असं मी ठरवलं होतं. यात कोणाचं काय जातंय? तिचा घोर मिटतोय, बस्स.

चार वाजता तिने आंगठी डोळ्यांना लावली, पुडी मुठीत धरली आणि बसस्टँडकडे निघाली. किनाऱ्यावर जायची घाई दिसत होती. तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघून मला बरं वाटलं. पुष्पलतेला मी म्हटलंसुद्धा, एका पोरीचं काम केलं आज.

३

तिसऱ्या दिवशी बोट लागली, पण बन्सीला न घेता. आदल्या दिवशी पहाटे जाळं ओढताना त्याचा तोल गेला होता आणि तो पाठीवर पाण्यात पडला होता. बाकीच्यांनी दिवसभर शोधलं आणि मग परत फिरले. ही बातमी मला मासळीवालीकडून कळली. तिनेच सांगितलं की लाडकी गळ्यातली आंगठी काढू देत नाही. बायका समजावतायत आणि ही एकच सांगतेय, खडा नवा हाय, तो येल.

हे ऐकलं आणि मी ताटावरून उठलो. सरळ सांगतो, मला भीती वाटली. खड्याची नव्हे. उद्या ती मला विचारेल, त्याची.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बन्सी आला. आपल्या पायांनी, वाळूवरून चालत. प्लॅस्टिकचा कॅन धरून तरंगत होतो म्हणाला. दिवाळीचे उरलेले फटाके लोकांनी तिथल्या तिथे उडवले. पुष्पलतेने देवापुढे साखर ठेवली, मीही हात जोडले. मासळीवाली सांगता सांगता एवढंच म्हणाली की दोन दिवस पाण्यात होता, पण कपडे कोरडे होते. मी म्हटलं, उन्हात चालत आला, वाळणारच. यात नवल ते काय.

४

आठ दिवसांनी दोघं दुकानात आले. आंगठी सैल झाली होती. बन्सी वाळला होता जरा, पण तब्येत बरी दिसत होती. लग्नात मी त्याच्या बोटाचं माप घेताना थट्टा केली होती, ती त्याला आठवत होती. तो हसला, चहा प्यायला. बसायला मात्र स्टूल घेईना. कपाटाच्या बाजूच्या मोकळ्या भिंतीला पाठ लावून खालीच बसला. उकडत होतं त्या दिवशी, तरी त्याच्या पाठीवर गोणपाट होतं.

आंगठी हातात घेतली आणि मी जरा चरकलो. आतल्या बाजूची लाख गेली होती. तडा उघडा होता आणि ओला होता. मी फडक्याने पुसला. पुन्हा ओल आली. पुन्हा पुसला. मासे धुतले असतील, घाम असेल, मी मनाशी म्हटलं. पोवळं पाणी धरतं थोडं. धरतं का? धंद्यातल्या इतक्या वर्षांत कधी धरलेलं मी बघितलं नव्हतं.

मी घाईघाईने लाख भरली, वळं बारीक केलं, आंगठी त्याच्या बोटात घातली. बोट गार होतं. जाताना तो उठला आणि तोंड आमच्याकडे ठेवून, पावलं मागे टाकत शटरखालून बाहेर गेला. देवळातून निघावं तसा. मी हसलो. पुष्पलता दारात उभी होती, ती हसली नाही.

"त्याच्या पाठीला काय झालंय हो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, उन्हाने सोलवटली असेल. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तो टेकला होता तिथे चुन्यावर ओल उमटली होती. पण सगळीकडे नव्हे. लांबट गोल कड तेवढी ओली होती, खांद्यापासून कमरेपर्यंत. मधे चुना कोरडा ठणठणीत. ओल्या हंड्याचं तोंड भिंतीला टेकवलं तर असंच उमटेल.

माणूस टेकतो तेव्हा पाठीचा मधला भाग भिंतीला नीट लागत नाही, कणा आत असतो, असं मी तिला समजावून सांगितलं. चांगली पाच मिनिटं समजावलं. ती ऐकून घेऊन आत गेली. मी पोतेरं आणून ती ओल पुसली, तर कड निघाली आणि हाताला रेती लागली.

५

मुंबईहून पोवळं उशिराच आलं. सुरेख होतं, हुबेहूब मापाचं. त्याच आठवड्यात लाडकी एकटी आली. पुन्हा दुपारीच.

ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. बन्सी दर्यावर जात नाही म्हणाली. घराच्या भिंतीला टेकून दिवसभर जाळी शिवतो. जेवतो नीट, बोलतो नीट, सासूशी तर आधीपेक्षा गोड बोलतो. पण पाठीला तेल लावू देत नाही. तिच्याकडे पाठ करून झोपत नाही. आंघोळ करताना दाराला आतून कडी लावतो. आंगठी बोटात रुतलीय, ती काढू देत नाही. एवढं सांगून तिने विचारलं,

"काका, खडा नवाच हाय ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. पहिल्यांदा आलं होतंच की. पण त्या भिंतीपाशी आठ दिवस मी बसत नव्हतो, तिथलं कपाट पुसत नव्हतो. एक शनीची आंगठी करायला आलेला भय्या तिथे टेकू लागला, तर मी त्याच्यावर खेकसलो होतो. "अरे सेठ, दीवार ही तो है," तो बिचारा म्हणाला. मला झोप नव्हती. मी सांगून टाकलं सगळं. खडा तोच आहे, पालथा केलाय.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. तिने द्यायला हव्या होत्या.

"मंग मी दर्यात काय टाकलं?"

"जुन्या माळेतला मणी होता."

ती बसल्या जागी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे दर्याला त्याचं मिळालंच नाय."

मग मात्र मी चिडलो. तिच्यावर नव्हे, पण आवाज तिच्यावर चढला. खडा म्हणजे खडा, माणूस म्हणजे माणूस, असं काहीबाही बोललो. नवा खडा काढून तिच्यापुढे ठेवला. शुक्रवारी त्याला घेऊन ये, बोटातच बदलून देतो, जुना तुझ्या हातात देतो, दर्याला काय तो दे आणि मला मोकळं कर. असंच म्हणालो मी, मला मोकळं कर. तिने माझ्याकडे बघितलं. जुना दर्यात टाकल्यावर काय होईल, असं तिने विचारलं नाही. मीही त्याचा उच्चार केला नाही. दोघांच्याही मनात तेच होतं.

६

शुक्रवारी सकाळी मी एक गोष्ट मुद्दाम केली. कानातलं घालून बघायला बायकांना जो लहान गोल आरसा देतो, तो मी त्या मोकळ्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. खिळा कॅलेंडरचा होता. बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर येईल अशी दोरी आखूड-लांब करून बघितली. का केलं, तर माझी बुद्धी मला स्वस्थ बसू देईना. एकदा बघावं, सोलवटलेली पाठ दिसावी आणि विषय मिटावा.

ते आले. बन्सी भिंतीला टेकून बसला. आरसा त्याच्या पाठीमागे झाकून गेला. मी काम करायचा ठोकळा त्याच्यापुढे ओढला आणि हात पुढे ठेवायला सांगितलं. ठोकळा मी वीतभर लांबच ठेवला होता. हात ठोकळ्यावर यायचा तर त्याला पुढे वाकायलाच लागणार. तो वाकला. गोणपाट खांद्यावरून सरकलं. लाडकी त्याच्या उजव्या बाजूला बसली होती, नवा खडा तिच्या तळहातावर.

मी टोच्या घेतला आणि कड उचलायला लागलो. बोटाखालून एक थेंब ठोकळ्यावर पडला. टप्. मग दुसरा.

"काका, हळू," बन्सी म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "वारा लागतो."

शटर जवळजवळ जमिनीपर्यंत ओढलेलं होतं. पंखा बंद होता, शेगडी विझेल म्हणून. मी मान वर केली आणि त्याच्या खांद्यावरून आरशात बघितलं.

सदरा होता अंगात, निळ्या पट्ट्यांचा. पण टोपलीच्या तोंडावर ओलं फडकं टाकावं आणि ते मधे खाली बसावं, तसा तो पाठीवर बसला होता. मी टोच्या धरलेलाच होता. माझ्या नकळत कड केसभर आणखी उचलली गेली, आणि आरशातला सदरा आणखी आत गेला. कुठवर, ते मी बघितलं नाही. मी डोळे मिटून घेतले आणि अंगठ्याने कड दाबली, नखाखालून रक्त येईतो दाबली.

डोळे उघडले तेव्हा बन्सी पुन्हा भिंतीला टेकला होता. लाडकी आरशाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने नवा खडा ठोकळ्यावर ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तो वाळूवरनं आला तवा मी त्याला कवळ घातली होती, काका. तवाच माझ्या हाताला कळलं. मी इचार करत होते, तुमी बदलाल तर बरं, का नाय बदलाल तर बरं." तिने त्याचं गोणपाट नीट केलं. "पुढनं हाय ना तो. मला पुढनं पुरं हाय."

बन्सी ऐकत होता. तो तिच्याकडे बघून हसला, आणि त्या हसण्यात खोटं काही नव्हतं, हेच मला अजून पेलत नाही.

७

याला सात वर्षं झाली. तो नवा खडा माझ्या गल्ल्याच्या खणात पडून आहे, मी तो कोणाला विकला नाही. आरसा काढून टाकला. ती भिंत तेवढी मी दोनदा सिमेंटने गिलावली, पण पुष्पलता तिथे केर काढताना अजून तोंड फिरवते.

दर दोन-तीन महिन्यांनी लाडकी त्याला घेऊन येते. एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसून येतात दोघं. मी त्याच्या बोटातल्या आंगठीची कड दाबून देतो, खालून लाख भरतो. बोलणं फारसं होत नाही. लाडकीच्या केसांत पांढरं आलंय. बन्सी होता तसाच आहे. गावात लोक म्हणतात, दर्याची भीती बसली बिचाऱ्याला, म्हणून जात नाही. बायको राबते त्याची आणि तो जाळी शिवतो. लोकांना एवढं पुरतं. मलाही पुरलं असतं.

कालची गोष्ट. दुपारची वेळ, शटर अर्धं. लाडकी पुढे आली आणि तो बाहेर शटरच्या खांबाला टेकून उभा राहिला, तोंड आत करून.

"जरा वरनं बघा खडा," तिने हळू आवाजात सांगितलं. "काल दाढी करताना त्याच्या गालावर रेघ दिसली. मला वाटलं ब्लेड लागलं. पण रक्त आलं नाय."

मी त्याला आत बोलावलं. तो भिंतीपाशी बसला, हात पुढे केला. मी भिंग लावलं. पोवळ्याच्या वरच्या अंगावर, ज्यावर सात वर्षं ठिपका नव्हता, कडेपासून आत एक केसाएवढी रेघ आली होती. मी भिंग न काढताच त्याच्या तोंडाकडे बघितलं. बघायचं नव्हतं. कानाच्या पाळीपासून हनुवटीकडे, अगदी त्याच तिरक्या वळणाने, तशीच रेघ होती.

"वर आली का?" लाडकीने विचारलं.

एकदा मी तिला फसवलं होतं, ते याच दुपारच्या वेळेला. "आली," मी म्हटलं.

रस्त्यावरून दुसऱ्या पाळीच्या सायकली गेल्या. मग ती म्हणाली, भरा. मी शेगडीवर लाख कोमट केली, पोवळ्याच्या रंगाला रंग जुळवला, आणि सुईच्या टोकाने ती रेघ भरत गेलो. घासली. पुसली. भिंगातून बघितलं, दिसत नव्हती. हात अजून आहे माझा. मी सुई खाली ठेवणार, तेवढ्यात लाडकीने बन्सीची हनुवटी हातात धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. पदराच्या टोकाने त्याचा गाल पुसून कोरडा केला.

"हितं पण भरा थोडी," ती म्हणाली.

बन्सीने डोळे मिटून घेतले, न्हाव्यापुढे मिटावेत तसे. लाख अजून कोमट होती.